मुकादमाची चौदा इंजेक्शनं

जांभळवाडीत लंकाबाईशी वाकडं घ्यायला कुणी धजत नसे. बाई अंगानं किडकिडीत, आवाज घोगरा, पण डूख धरण्यात एकदम पटाईत. एकदा पाणवठ्यावर एका बाईनं तिची घागर बाजूला सारून आपली लावली, तर त्या बाईच्या दोन मुलींच्या लग्नात लंकाबाई अक्षता टाकायलाही गेली नाही. तिसरीच्या लग्नाला गेली ती फक्त आमटी खारट झाली आहे हे अख्ख्या पंगतीला सांगायला. पाथर्डीच्या त्या कोरड्या माळावर पाऊस पडो न पडो, लंकाबाईचा राग बारमाही असे.

पण हे सगळे किरकोळ राग. खरा राग एकच होता आणि तो होता सूर्यभान मुकादमावर.

दिवाळी झाली की गावातली निम्मी माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघत. त्या टोळीचा म्होरक्या सूर्यभान. कुणी कुठल्या फडात कोयता चालवायचा, कुणाची गाडी आधी भरायची, सगळं तो ठरवी. एका हंगामात लंकाबाईचा नवरा आसाराम तापानं फणफणला आणि पाचटाच्या कोपीत, त्यांच्या झोपडीत, पडून राहिला. सूर्यभान दारात आला, आत वाकूनही न बघता म्हणाला, "नाटकं करतोय. उठवा त्याला." आसाराम मुळात गरीब स्वभावाचा. तो उठला, उसाची मोळी डोक्यावर घेतली, गाडीपर्यंत नेली आणि गाडीच्या चाकाशीच कोसळला. त्याला काय झालं होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. लंकाबाई रिकामी गाडी हाकत गावाला परत आली. पुन्हा कधी ती तोडीला गेली नाही. चार शेळ्या पाळून राहू लागली.

त्याच वर्षी तिनं कुत्र्याचं एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मुकादम.

सूर्यभानचं घर समोरच, मध्ये नुसता बोळ. रोज सकाळी लंकाबाई ओट्यावर उभी राहून हाळी द्यायची, "ए मुकादमा, आयतं खाऊन खाऊन माजलास रं!" कधी म्हणायची, "मुकादमा, लाज धर जरा, दुसऱ्याच्या दारात शेपूट हलवतोस!" बोळातून जाणारी माणसं पदरात, उपरण्यात तोंड लपवून हसायची. सूर्यभाननं गावातल्या जाणत्या माणसांकडे गाऱ्हाणं नेलं. त्यांनी खूप विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं की कुत्र्याचं नाव काय ठेवावं यावर काही गावाला बंदी घालता येत नाही.

गंमत म्हणजे ज्याच्यावरच्या रागापोटी हे नाव ठेवलं, त्याच नावाच्या कुत्र्यावर बाईचा जीव जडला. तांबूस रंगाचं, कान पडलेलं गावठी कुत्रं ते. ती शेळ्या घेऊन निघाली की हे पुढे, परत आली की हे मागे. घरात दुसरं बोलायला कुणी नव्हतं. सूर्यभानला द्यायच्या सगळ्या शिव्या त्याला देऊन झाल्या, की ती आपल्याच ताटातली अर्धी भाकरी त्याला घालायची.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कुत्रं बिघडलं. आधी कानात, मग बोटांच्या बेचक्यात गोचीड झाले. लंकाबाई ते चिमटीनं ओढून रॉकेलच्या डबड्यात टाकायची. मग त्याचा आहार तुटला. पाणी मात्र ते लई पिऊ लागलं. भरलेलं मडकं बघता बघता रिकामं करायचं आणि पुन्हा मडक्यापाशीच उभं राहायचं. ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला, बरगड्या दिसू लागल्या. आणि एका सकाळी ते उठलं ते थेट दाराच्या चौकटीवर आदळलं. मागे सरलं, पुन्हा आदळलं. डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं.

लंकाबाईनं त्याला पोत्यात गुंडाळलं आणि गावातून पाथर्डीला भाडं मारणाऱ्या गोरक्षनाथच्या जीपमध्ये घालून पाथर्डीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे गायी-म्हशी घेऊन आलेली माणसं हसली. एक जण म्हणाला, "गावठी कुत्र्याला कुठं डाक्तर लागतो व्हय?" लंकाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या म्हशीचा कासरा सोडून पुन्हा बांधू लागला.

डॉक्टर वाकचौरे अकोले तालुक्याच्या डोंगराकडचा, शांत स्वभावाचा माणूस. त्यानं कुत्र्याच्या कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग काचेच्या नळीत कुत्र्याची लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. नासलेलं दूध फाटतं तशी ती लघवी नळीतच फाटली. त्यानंतर त्यानं शेजारच्या माणसांच्या दवाखान्यातून लहान पोरांचा रक्तदाब मोजायचा पट्टा मागून आणला आणि कुत्र्याच्या पायाला बांधला. बोटांनी नाडी धरून तो बराच वेळ पट्ट्यात हवा भरत आणि सोडत बसला. शेवटी बॅटरी घेऊन डोळ्यात बघितलं.

"मावशी, गोचिडांतून रक्तात जंतू गेलेत," तो म्हणाला. "त्यांच्यापायी किडन्या खराब झाल्यात, म्हणून एवढं पाणी पितोय. किडन्या बिघडल्या की रक्ताचा दाब चढतो. दाब चढला आणि डोळ्यातला पडदा सुटला. म्हणून आंधळा झाला."

"म्हंजी माणसाला असतं तसलं बीपी?"

"तसलंच. जंतूंचं औषध देतो. पण किडन्या गेल्या त्या गेल्या. डोळेही परत येतीलसं वाटत नाही. जितके दिवस आहे तितके सुखाचे जाऊ द्या. मीठ अजिबात नको. पाणी कायम भरलेलं ठेवा. आणि बांधून ठेवा, धडपडेल नाहीतर."

लंकाबाईनं पोत्याची टोकं कुत्र्याभोवती नीट गुंडाळली. मग तिनं विचारलं, "मंग आता मी धरायचं कुनाला?"

"धरायचं म्हणजे?"

"म्हंजी ह्ये केलं कुनी?"

डॉक्टरला हसू आवरेना. "गोचिडांनी केलं, मावशी. त्यांना धरा."

बाईनं ते मनावर घेतलं. घरी आली, पदर खोचला आणि भिंतीची फट न् फट रॉकेलनं भिजवली. शेळ्यांचे कान पालथे केले. एकेक गोचीड दगडावर ठेवून आसारामच्या वहाणेनं ठेचला आणि प्रत्येकाला वेगळी शिवी हासडली. औषधानं कुत्र्याला जराशी हुशारी आली. आंधळं झालं तरी तिच्या पावलांच्या आवाजावर शेपूट हलवायचं. एवढ्यावरही तिचं भागत होतं.

मग पाथर्डीचा बाजार आला. लंकाबाई बोकड घेऊन बाजाराला गेली. कुत्र्याला दारात बांधलं होतं, जवळ पाण्याचं मडकं होतं. कधीतरी दुपारी दोरी सुटली. ते बिचारं हुंगत, अडखळत बोळात आलं आणि सूर्यभानच्या बाभळीच्या काट्याच्या कुंपणाला जाऊन भिडलं. आणि सूर्यभाननं बोंब ठोकली, "पिसाळलं! लंकीचं कुत्रं पिसाळलं! माझ्या हाताला चावलं!"

पिसाळलेल्या कुत्र्याचं नाव काढलं की गावाला दुसरं काही सुचत नाही. माणसं काठ्या घेऊन धावली. कुत्रं तोंडाला लाळ येऊन कधी भिंतीवर, कधी माणसांवर आदळत होतं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. पहिली पहार सूर्यभानची. बाकीच्यांनी मग फक्त उरकलं.

लंकाबाई परतली तेव्हा कुत्र्याला ओढ्यात पुरून झालं होतं. बोळातल्या मातीत ओला डाग होता आणि त्यावर कुणीतरी राख टाकली होती. ती रडली नाही. ओट्यावर बसली. समोर सूर्यभान हाताला फडकं बांधून चार माणसांत बसला होता आणि ती माणसं त्याला बजावत होती, "मुकादम, उद्यापास्नं पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात. हयगय करू नका. पोटात चौदा."

सूर्यभान म्हणाला, "आरं, जरासं लागलंय. घरीच हळद लावली की—"

"हळदीनं भागत न्हाई!" माणसं ओरडली. "तुमाला पिसाळायचंय का? गोरक्षनाथ, सकाळी जीप मुकादमाच्या दारात लाव."

त्या काळी चौदा इंजेक्शनं म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक होतं. रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला. सुई लांबलचक. पोटावर टेंगळं उठायची, वाकता येत नसे, झोपता येत नसे.

लंकाबाईच्या ओठांवर शब्द आले होते. कुत्रं पिसाळलेलं नव्हतं. डॉक्टरनं तपासलं होतं. त्याच्या किडन्या गेल्या होत्या, दाबानं डोळे गेले होते, म्हणून ते आदळत होतं. एवढं ती बोलली असती तर सूर्यभान त्या क्षणी सुटला असता. तिनं तोंड मिटलं. आतून एक गार गार समाधान वर आलं, आसाराम गेल्यापासून असं समाधान तिला माहीतच नव्हतं. घे म्हणाली मनात. चौदाच्या चौदा घे.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच ओट्यावर येऊन बसू लागली. सूर्यभान जीपमध्ये चढायचा ते बघायचं आणि संध्याकाळी पोट धरून उतरायचा तेही बघायचं. घरातून त्याचं कण्हणं ऐकू आलं की तिला भाकरी गोड लागायची. एकदा तो उतरताना "आई गं" म्हणून ओरडला, तेव्हा ती बोळातल्या माणसांना मोठ्यानं म्हणाली, "काय झालंय ओ त्यास्नी? नाटकं तर करत न्हाईत ना?" माणसांना ती चेष्टा वाटली. सूर्यभान मात्र जीपचा दांडा धरून नुसता उभा राहिला. त्याला तो फड आठवला असणार.

असे काही दिवस मजेत गेले. मग एका सकाळी जीपमध्ये द्वारकाही बसलेली दिसली.

द्वारका ही सूर्यभानची सून. नवरा पुण्याच्या एका कंपनीत कामाला, ही इथे सासऱ्याच्या हाताखाली. हिला सातवा महिना लागला होता. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती मागच्या बाकावर मुसमुसत होती.

"हिला कुठं नेताय?" लंकाबाईनं गोरक्षनाथला विचारलं.

"तिलाबी टोचायचंय, मावशी. ती तुमच्या कुत्र्याला पानी पाजायची म्हनं. हातावर लाळ लागली आसंल. मुकादम म्हनले, दोघांचं एकदमच उरकू."

लंकाबाईला हे नवीनच होतं. ती शेळ्यांमागे रानात गेली की मडकं भरून ठेवणारं कुणी आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. दिवेलागणीला मडकं अर्धं भरलेलं दिसलं की तिला वाटायचं, आज कमी प्यालं, आज बरं आहे.

आणि आता त्या बाईच्या सात महिन्यांच्या पोटात सुया. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द बोलला की सूर्यभानचीही सुटका. लंकाबाईला स्वतःचाच असा संताप आला की तिनं ओट्यावरची तांब्याभर राखुंडी लाथेनं उडवली. मग गोरक्षनाथनं जीप चालू केली, तशी ती धावत जाऊन मागे चढली. "मलाबी पाथर्डीला काम हाय."

सूर्यभान पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे या दोघी आणि बाजाराची तीन-चार माणसं. इंजिनच्या खडखडाटात पुढचं काही मागे ऐकू येत नव्हतं आणि मागचं पुढे.

"तुला चावलं का गं?" लंकाबाईनं द्वारकाच्या कानाशी विचारलं.

"न्हाई मावशी. ते गरीब हुतं. चावंल कशाला?"

"मंग तुजा सासरा?"

द्वारकानं पुढे बघितलं, मागे बघितलं. "त्यास्नी बी न्हाई चावलं. कुंपनाचा काटा वरखडलाय. हळद मीच लावली, काट्याचं टोकबी मीच काढलं." ती आणखी जवळ सरकली. "आन् मावशी, त्या दिवशी सकाळी तुमी गेल्यावर मडकं संपलं, तवा मी त्येला सोडून आमच्या हौदावर पानी पाजलं. मामा म्हनले, हाकल त्येला, समदा हौद पिऊन टाकील."

 पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे जांभळवाडीत कुणाला शिकवावं लागत नाही. सूर्यभाननं त्याच सकाळी ते हौदावर पाणी पिताना बघितलं होतं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. पिसाळलेलं नाही हे ठाऊक असून त्यानं बोंब मारली, स्वतःच्या नावाचं कुत्रं स्वतःच्या पहारीनं मारलं, गावाला पटावं म्हणून चावल्याचं खोटं सांगितलं, आणि तेच खोटं आता त्याच्या पोटात घुसत होतं. ते खोटं टिकावं म्हणून तो पोटुशी असलेल्या सुनेलाही टोचायला घेऊन निघाला होता.

पुढे त्याची मान दिसत होती. लंकाबाईला वाटलं, हात लांब केला तर पुरेल. तिनं हात आवरला आणि तो द्वारकाच्या मनगटाला धरला.

पाथर्डीत उतरल्याबरोबर ती सूर्यभानला म्हणाली, "बाईमानसाचं काम हाय, ह्या आलो आमी," आणि द्वारकाला ओढत वाकचौरेच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं सगळं ऐकलं, हातातली सिरिंज खाली ठेवली आणि स्वतःच त्यांच्याबरोबर माणसांच्या दवाखान्यात आला.

तिथले मोठे डॉक्टर चिडखोर होते, पण ऐकून घेणारे. वाकचौरेनं त्यांना रक्त, लघवी, डोळ्यातला पडदा, सगळं सांगितलं. त्यांनी द्वारकाचे हात उलटेपालटे करून बघितले. कुठे जखम नव्हती, ओरखडा नव्हता. "हिला नको," ते म्हणाले. "घरी जा, बाई."

दारात गोरक्षनाथ आणि जीपमधली माणसं येऊन उभी राहिली होती. सूर्यभान अंगरखा वर करून बाकावर बसला होता. तो चटकन उठला. "मंग माझंबी बंद करा की सायेब."

"तुम्हाला चावलं होतं ना?" डॉक्टर म्हणाले. "वाकचौरे म्हणतात कुत्रा किडनीनं आजारी होता, मी मानतो. पण जिथं दात लागलाय तिथं मी जोखीम घेणार नाही. कुत्रा जिवंत असता तर दहा दिवस बांधून बघितला असता. तुम्ही मारून टाकलात. आता चौदाच्या चौदा घ्यायची. नाहीतर खरं सांगा, नुसतं खरचटलं असेल तर तसं सांगा. आत्ता थांबवतो."

 सूर्यभाननं दारातल्या माणसांकडे बघितलं. ही तीच माणसं, त्याच्या बोंबेवर काठ्या घेऊन धावलेली. खरचटलं म्हटलं तर आजारी, आंधळं कुत्रं खोटं बोलून मारायला लावलं हे अख्ख्या गावाला कळणार. येत्या दिवाळीला त्याच्या शब्दावर एक गाडी हलली नसती. मग त्यानं लंकाबाईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि कधी नव्हे ते हसत होती.

"सांगा की मुकादम," ती मायेनं म्हणाली. "डाक्तरपास्नं काय लपवायचं?"

सूर्यभाननं ओठ चावला. "चावलं," तो म्हणाला. "लई चावलं." आणि त्यानं पुन्हा अंगरखा वर केला.

त्यानंतर लंकाबाईनं सूर्यभानची जी काळजी घेतली तशी कुणी सख्ख्या भावाचीही घेत नाही. रोज सकाळी तिची हाळी, "मुकादम, जीप आली! चुकवू नका बरं, जिवाशी खेळ न्हाई!" तो उशीर करू लागला की ती चार माणसं गोळा करायची, आणि ती माणसं त्याला काखेत धरून जीपमध्ये बसवायची. एका दिवशी जीप बंद पडली. सूर्यभानला वाटलं, सुटलो. लंकाबाईनं भर उन्हात वस्त्या पालथ्या घातल्या आणि त्याच्यासाठी मोटरसायकल आणली. खाचखळग्यांच्या त्या रस्त्यावरून, टेंगळं आलेल्या पोटानं, तो मोटरसायकलवर गेला आणि आला. गावातल्या बायका म्हणाल्या, लंकाबाई बदलली, झालं गेलं विसरली. द्वारका हे ऐकून पदर तोंडाला लावायची. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सासऱ्यानं आपल्याला न विचारता जीपमध्ये घातलं होतं, हे तीही विसरली नव्हती. पुढे बाळंतपणाला ती माहेरी गेली, तेव्हा जाताना सासऱ्याच्या आधी लंकाबाईच्या पाया पडली.

शेवटचं इंजेक्शन झालं त्या दिवशी सूर्यभान जीपमधून उतरला तो घरी गेला नाही. दोन्ही हातांनी पोट धरून तो लंकाबाईच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. बोळात दुसरं कुणी नव्हतं. लंकाबाई शेळीच्या कानातले गोचीड काढत होती.

"एका कुत्र्यापायी येवढं, लंके?" तो म्हणाला. आवाजात जोर राहिला नव्हता. "आता तरी झालं ना समाधान?"

लंकाबाईनं हातातलं काम थांबवलं नाही.

"कुत्र्याचं झालं, मुकादम," ती म्हणाली. "माझ्या मानसाचं उट्टं आजून न्हाई घेतलं."

 सूर्यभान वाकत वाकत आपल्या घरात गेला, आणि भर दिवसा त्यानं आतून कडी लावून घेतली.